शांत झालेला रुग्ण दोनदा पाहा : वॉर्डात निर्णय घेण्याची पद्धत

"सिस्टर, आबा रोज रातीला धा येळा हाक मारत्यात. आज एकदाबी न्हाई मारली. जरा बघा की."

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यातून आलेल्या एका सुनेने हे वाक्य मला सांगितले. परिचर्येतील निर्णयाविषयी नव्या सिस्टर-ब्रदरना काही शिकवायचे झाले की मी याच वाक्यापासून सुरुवात करते. आबांचे वय ६४, वजन सुमारे ६० किलो. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने. तुटलेल्या उसाच्या बुडख्याने घोट्याजवळ जखम झाली होती, पाय पोटरीपर्यंत लाल आणि सुजलेला होता (सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखाली पसरणारा जंतुसंसर्ग) आणि दाखल होऊन दुसरी रात्र चालू होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) दहा वाजताच्या नोंदीत सर्व काही ठीक होते आणि वॉर्डातल्या इतर सर्वांच्या दृष्टीने आबा शांत झोपले होते.

हा लेख जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण करून नुकतेच वॉर्डात उभे राहिलेल्यांसाठी आहे. यात सांगितलेले काम आपापल्या रुग्णालयाच्या लेखी स्थायी सूचनांच्या चौकटीतच करावयाचे आहे. मात्र एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. निदान आणि औषधयोजना डॉक्टर करतात, म्हणून निर्णयही फक्त डॉक्टरच घेतात, असे नाही. कोणाला आधी पाहायचे, पुन्हा कधी मोजायचे, फोन आत्ता करायचा की अर्ध्या तासाने, रुग्णाला चढत असलेले रक्त थांबवायचे की नाही, हे सगळे निर्णय आपलेच आहेत आणि रात्री दोन वाजता ते घेणारे दुसरे कोणी नसते. आजाराचे नाव कळण्याच्या कितीतरी आधी रुग्णातला फरक कळतो, आणि तो कळण्याच्या जागी आपण असतो. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली या विचाराचे चार टप्पे मांडले : लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि मागे वळून पाहणे. मी साधारण त्याच वाटेने जाणार आहे, पण आपल्या वॉर्डात ती वाट जिथे तुटते तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

पहिली पायरी : कालचा माणूस माहीत करून घ्या

फरक ओळखायचा तर तुलना कशाशी करायची हे आधी ठरलेले असावे लागते. ड्यूटी घेताना प्रत्येक रुग्णाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात : याचा एरवीचा रक्तदाब किती, याची एरवीची बोलण्या-चालण्याची रीत कशी, आणि याच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. आबांना मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर गटातील रक्तदाबाचे औषध चालू होते. या गटातील औषधे नाडीला वर चढू देत नाहीत, त्यामुळे अंगात जंतुसंसर्ग पसरत असतानाही नाडी ८८ राहू शकते आणि पाहणारा निश्चिंत होतो. पॅरासिटामॉल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तापाचेही तसेच होते. वृद्ध आणि मधुमेही माणसाला तर पुष्कळदा ताप येतच नाही.

एरवीची रीत केस पेपरवर नसते, ती नातेवाइकांकडे असते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांतून रुग्णासोबत आलेले माणूस बहुधा दिवसरात्र खाटेजवळच असते. आपल्याकडे अशी गर्दी त्रासाची मानली जाते, पण त्या माणसाइतका रुग्णाचा बारीक जाणकार वॉर्डात दुसरा नसतो. "कायतरी वेगळं वाटतंय" हे त्यांचे शब्द मी नाडी-रक्तदाबाच्या बरोबरीने नोंद म्हणून लिहिते. ड्यूटीच्या सुरुवातीलाच त्यांना सांगून ठेवावे : "बोलणं बदललं, श्वास जोरात वाटला, लघवी झाली नाही किंवा नुसतं वेगळं वाटलं, तरी मला उठवायला लाजू नका."

दुसरी पायरी : स्वतः मोजा, आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका आजींच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात न मोजता २० लिहिले होते, कारण वरच्या तीनही ओळींत २० होते. पहाटे त्या आजींना व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. त्या वाचल्या, परंतु माझ्या त्या २०च्या मागे किती तास वाया गेले हे मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून मी श्वास मोजल्याशिवाय लिहिलेला नाही. बिघडणाऱ्या रुग्णात श्वासाचा वेग इतर बहुतेक खुणांच्या आधी बदलतो आणि नेमका तोच आकडा आपण सर्वांत जास्त अंदाजाने भरतो, ही आपल्या चार्टची मोठी दुखरी जागा आहे.

पद्धत अशी. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवावे आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवून घड्याळातले पूर्ण ६० सेकंद मोजावेत. "श्वास मोजते" असे सांगितले की माणूस नकळत श्वास बदलतो, म्हणून सांगू नये. त्याच मिनिटात हाताला घाम आहे का, बोटे गार आहेत का हे कळते. नख पाच सेकंद दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढावी, गार बोट चोळून ऊबदार करावे आणि पडद्यावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर वरच्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नये.

शुद्ध तपासताना "आबा, बरं हाय का?" असे विचारून उपयोग नाही, कारण भ्रमात असलेला माणूसही त्यावर मान हलवतो. मी आबांना विचारले, "आबा, आपण आता कुठं आहोत?" ते म्हणाले, "मळ्यात." थोरल्या नातवाचे नाव विचारले, ते आठवेना. संध्याकाळी याच आबांनी मला यंदाच्या उसाचा हिशेब सांगितला होता. रुग्णाला त्याच्याच आयुष्यातले प्रश्न विचारावेत. शाळा न शिकलेल्या माणसाला तारीख विचारून काहीच कळत नाही.

तिसरी पायरी : आकड्यांची बेरीज करा

आबांचे माझ्या हाताने मोजलेले आकडे असे होते : श्वास २६, ऑक्सिजन बाहेरून न देता ९४ टक्के, रक्तदाब १०४/६०, नाडी ८८, ताप ९८.२ आणि नव्याने आलेला गोंधळ.

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली तयार केलेली आणि २०१७ साली सुधारलेली न्यूज टू (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे बिघाडाची आगाऊ सूचना देणारे गुण) ही गुणपद्धती अशा वेळी फार उपयोगी पडते. श्वास, ऑक्सिजनची टक्केवारी, ऑक्सिजन चालू आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना शून्यापासून तीनपर्यंत गुण दिले जातात. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायला हवे, ७ किंवा अधिक झाली की ती आणीबाणी. एकाच गोष्टीला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरांना कळवावे लागते. १६ वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ही पद्धत लागू नाही.

आबांची बेरीज अशी झाली : श्वास २५ किंवा अधिक म्हणून ३, नवा गोंधळ म्हणून ३, ऑक्सिजन ९४ म्हणून १, रक्तदाब १०१ ते ११० मध्ये म्हणून १, नाडी आणि ताप शून्य. एकूण ८. आता हीच बेरीज वरच्या ओळीतला २० उतरवून आणि "शांत झोपले आहेत" असे मानून केली तर ती २ येते. २ म्हणजे पुढची नोंद चार ते सहा तासांनी, अर्थात सकाळी. माणूस तोच, वेळ तीच, आणि दोन नोंदींमध्ये एका मिनिटाच्या मोजणीचा व एका प्रश्नाचा फरक.

गुणपद्धतीला आबांचा जुना रक्तदाब मात्र माहीत नसतो. दाखल होताना तो १५०/९० होता. १०४ला तक्त्यात एकच गुण मिळतो, पण या माणसाचा रक्तदाब ४६ने उतरला होता. बेरीज कमी आली आणि मन खात्री देत नसेल तर मनाचे ऐकून फोन करावा. बेरीज जास्त आली असताना मात्र "मला तर ठीक वाटतात" म्हणून फोन टाळू नये.

चौथी पायरी : चार शक्यता, आणि घातक पण झटपट तपासता येणारी आधी

या क्षणी निदान करायचे नसते. कोणती शक्यता काही मिनिटांत जीव घेऊ शकते आणि कोणती लगेच तपासता येते, एवढेच ठरवायचे असते. मधुमेही माणूस गप्प झाला, तर पहिला विचार शुगर उतरल्याचा. ग्लुकोमीटरला एक मिनिट लागते. आबांची शुगर २१२ होती, ती शक्यता गेली. दुसरा विचार मेंदूच्या झटक्याचा : चेहरा वाकडा नव्हता, दोन्ही हात सारखे उचलले. तिसरा विचार हृदयाचा, कारण मधुमेही व्यक्तीला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, दम किंवा "गॅस झालाय" एवढीच तक्रार असते. त्यामुळे ईसीजी काढायला ब्रदरला सांगितले. उरले ते पायातून रक्तात पसरलेल्या संसर्गाचे, आणि युरोबॅगेत चार तासांत जेमतेम ७० मिली लघवी दिसली तेव्हा ते पक्के वाटू लागले. मोठ्या माणसाला ताशी प्रत्येक किलोमागे किमान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. आबांच्या वजनाला ती ताशी ३० मिली, म्हणजे चार तासांत १२० मिली झाली असती.

पाचवी पायरी : असा फोन करा की समोरच्याला उठावेच लागेल

"सर, बेड अकराचे आबा जरा बरे वाटत नाहीत, बीपी थोडं कमी आहे." दिवसभर राबून झोपलेल्या निवासी डॉक्टरांना हे सांगितले तर उत्तर येते, "बरं, वॉच ठेवा." यात दोष त्यांचा नाही, आपण त्यांना निर्णय घेण्याजोगे काही दिलेलेच नसते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एसबीएआर ही पद्धत इथे कामाची आहे : काय घडतेय, मागची माहिती काय, मला काय वाटते आणि मला काय हवे. मी त्या रात्री असे बोलले :

"सर, पुरुष मेडिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड अकराचे आबा नव्याने भ्रमात आहेत, श्वास २६, बीपी १०४ आणि दाखल होताना १५० होतं, न्यूजची बेरीज ८. मधुमेह आहे, पायाच्या सेल्युलायटिसची दुसरी रात्र, मेटोप्रोलॉल चालू असल्यानं नाडी चढलेली नाही. शुगर २१२, लघवी चार तासांत ७०. मला संसर्ग रक्तात गेल्याची भीती वाटते. तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघावं. तोवर दुसरी लाईन घालून कल्चरच्या बाटल्या काढून ठेवू का?"

(कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी.) हे बोलायला अर्धे मिनिट लागते. "मला भीती वाटते" म्हणायला नवीन मुली कचरतात, पण आपला अंदाज सांगणे हा डॉक्टरांच्या कामात हस्तक्षेप नाही. फोनवर औषधाची सूचना मिळाली तर ती लिहून, औषधाचे नाव आणि मात्रा मोठ्याने वाचून दाखवावी आणि "बरोबर" हा शब्द ऐकल्यावरच फोन ठेवावा.

आणि तरीही "वॉच ठेवा" हेच उत्तर आले तर? तेव्हा दोन प्रश्न विचारावेत : "किती वेळानं मोजू, आणि कोणता आकडा आला की तुम्हाला परत उठवू?" उत्तर वेळेसह लिहावे. तेवढ्यात रुग्ण आणखी उतरला तर पुन्हा फोन, मग वरिष्ठ डॉक्टरांना फोन आणि इन्चार्ज सिस्टरना खबर. कोणाला ओलांडून वरिष्ठांकडे जाण्याची लाज इथे बाळगू नये.

डॉक्टर येईपर्यंतची दहा मिनिटे

डोके थोडे उंच, अंगावर पांघरूण, ऑक्सिजनची जोडणी तपासलेली, जाड सुईची दुसरी शिरेतील लाईन, कल्चरच्या बाटल्या, अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे का याची विचारपूस. संसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळत असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवे; कल्चर त्याआधी घ्यावे, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नये. ऑक्सिजनबाबत एक सावधानता : वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजी आणि विडी ओढणारे आजोबा यांना पुष्कळदा दम्यासारखा जुनाट फुप्फुसविकार असतो. त्या विकारात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असते. त्यांना ९९वर नेण्याची घाई करू नये, पण ते निळे पडत असताना हात आखडूही नये.

त्याच वेळी वॉर्डात आणखी तिघे हाका मारत होते : एकाची सलाईन संपली होती, एकाचे टाके दुखत होते आणि एकाचे नातेवाईक सकाळच्या डिस्चार्जचे विचारत होते. सर्वांत मोठ्याने हाक मारणारा सर्वांत आजारी असतोच असे नाही. ओरडायला श्वास आणि शुद्ध दोन्ही लागतात. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध या क्रमाने ज्याचे काही बिघडले आहे तो आधी. सलाईन बंद करायला ब्रदर, पांघरूण आणायला मावशी, दुखणाऱ्या रुग्णाला "वीस मिनिटांत येते" असा नेमका शब्द, आणि तो पाळायचा. मावशी किंवा मामांना युरोबॅग रिकामी करून मोजमाप सांगायला लावता येते. रुग्ण कसा आहे याचा निवाडा मात्र त्यांच्यावर सोपवता येत नाही.

जिथे बरे वाटणे हीच धोक्याची खूण असते

आपल्या जिल्ह्यात वरचेवर येणाऱ्या चार अवस्थांमध्ये रुग्ण "सुधारल्यासारखा" दिसतो आणि तिथेच आपण फसतो, म्हणून यावर थोडे थांबते.

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सूज नसते, पुष्कळदा दातांची खूणही सापडत नाही. रुग्ण पहाटे पोटदुखी किंवा उलटीची तक्रार घेऊन येतो आणि पोटदुखीचे इंजेक्शन घेऊन शांत पडतो. अशा रुग्णाच्या पापण्या पाहाव्यात. वर बघायला सांगितल्यावर पापण्या उचलत नसतील, घास गिळता येत नसेल, एका श्वासात मोजलेले आकडे तासागणिक कमी होत असतील, तर ती पक्षाघाताची सुरुवात आहे. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठत नाही. त्यासाठी नव्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत शिरेतील रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून मग नळी तिरकी करून पाहतात. प्लास्टिकची किंवा धुतलेली नळी घेतली तर चाचणी फसते.

पिकावरचे सेंद्रिय फॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाची लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या हे सारे अॅट्रोपिनने आटोक्यात येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचे हसू लागतात. २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. यासाठी माझी एक सोपी सवय आहे : दर फेरीला रुग्णाला "उशीवरून डोकं उचला" असे सांगायचे. काल उचलणारा आज उचलू शकला नाही, तर श्वास चांगला दिसत असतानाच फोन करायचा.

डेंग्यूत ताप उतरतो तो दिवस धोक्याचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप गेल्यावर पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काही दिसले, किंवा वरच्या आणि खालच्या रक्तदाबातले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आहे असे समजावे. १०० वर ८४ हा रक्तदाब "शंभर आहे, ठीक आहे" म्हणून सोडायचा नसतो.

चौथी अवस्था शुगर उतरण्याची. जेवण न करता ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतलेल्या आजींना शिरेतून ग्लुकोज देताच त्या डोळे उघडून बोलू लागतात, आणि घरी सोडण्याची भाषा सुरू होते. या गोळीचा असर ग्लुकोजपेक्षा कितीतरी लांब टिकतो, मूत्रपिंड अधू असेल तर आणखी. शुगर पुन्हा कोसळते, म्हणून किमान दिवसभर वरचेवर मोजावी लागते.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना यात रस्त्याचा हिशेबही धरावा लागतो. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळचा महामार्गही बंद पडला होता. पावसाळ्यात "सकाळी पाठवू" हा निर्णय रात्रीच तपासून घ्यावा, कारण सकाळी रस्ता असेलच असे नाही. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा अन्यत्र पाठवताना मी रुग्णासोबत पापण्या, श्वास, एका श्वासातले आकडे आणि दिलेल्या औषधांच्या वेळा असलेला एक स्वतंत्र कागद देते.

सहावी पायरी : परत जा, मोजा, लिहा

निर्णय फोन ठेवल्यावर संपत नाही. सलाईनचा वेग वाढवला, अँटिबायोटिक गेले, मग पंधरा मिनिटांनी परत खाटेजवळ जाऊन तेच आकडे त्याच पद्धतीने मोजायचे. सलाईन जोरात चालू असताना खोकला, दम किंवा छातीत घरघर वाढली, तर पाणी फुप्फुसात चालले असेल, म्हणून लगेच कळवायचे. ही पायरी आपल्याकडे सर्वांत जास्त गळते, कारण तोवर दुसरी हाक आलेली असते. मी मनगटावर पेनाने वेळ लिहून ठेवते.

नोंदीत नुसते "डॉक्टरांना कळवले" असे लिहू नये. "२.२२ : निवासी डॉक्टरांना फोन, श्वास २६, बीपी १०४/६०, नवा गोंधळ सांगितला, २.३१ला आले" असे लिहावे. काही राहून गेले तर नंतर "उशिरा केलेली नोंद" असे स्पष्ट म्हणून, लिहितेवेळचीच वेळ घालून लिहावे. खाडाखोड किंवा वरून गिरवणे कदापि नको.

सकाळच्या पाळीला हँडओव्हर टेबलावर न देता खाटेजवळ, आबांच्या सुनेसमोर दिला. "आबा रात्री दोन वाजता भ्रमात होते, आता नातवाचं नाव सांगतात. श्वास २२वर आलाय, बीपी ११८. लघवी तासाला ३०च्या खाली गेली किंवा श्वास पुन्हा २५ झाला तर लगेच फोन करायचा, असं सरांनी लिहून दिलंय. लॅक्टेटचा रिपोर्ट यायचा आहे, अँटिबायोटिकचा पुढचा डोस अकराला. पायावरची लाली पेनानं आखून ठेवली आहे, रेषेबाहेर गेली का ते बघा. आणि यांच्या सूनबाईंनी काही सांगितलं तर आधी त्यांचं ऐका." सकाळच्या सिस्टरने माझ्यासमोरच आबांचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट मोजायला सुरुवात केली.